स्मार्टवॉच घ्या, पण जाहिरातीत दाखवतात त्यासाठी नको

वाचकाचं पत्र:

"मी ४९ वर्षांची आहे, दिवसभर बैठं काम. वर्षभरापूर्वी माझ्या मिस्टरांनी स्मार्टवॉच घेतलं. तेव्हापासून सकाळी 'झोप झाली का?' असं विचारलं की ते आधी मनगट बघतात आणि मग उत्तर देतात. आकडा कमी आला की दिवसभर चिडचिड. रात्री दहा हजार पावलं भरायची म्हणून घरातल्या घरात येरझाऱ्या. आता त्यांचा आग्रह आहे की मीही एक घ्यावं आणि माझ्या बाबांनाही घेऊन द्यावं. बाबा ७६ वर्षांचे, एकटे राहतात, बीपीची गोळी चालू आहे, मागे एकदा बाथरूममध्ये पडले होते. आमची मुलगी म्हणते, 'आई, दोन महिन्यांत ड्रॉवरमध्ये जाईल ते.' मला यातलं फारसं कळत नाही. रोजच्या जगण्यात याचा खरंच उपयोग होतो का, की नुसतंच फॅड आहे?"

ताई,

तुमच्या पत्रात घड्याळ बांधू शकणारी तीन माणसं आहेत आणि तिघांसाठी माझं उत्तर वेगळं आहे. तुम्ही घेतलंत तर वापराल, नाही घेतलंत तर काही अडणार नाही. बाबांसाठी घ्यायचा विचार जरूर करा, पण काही अटी पाळता येत असतील तरच. आणि मिस्टरांनी घड्याळ ठेवावं, फक्त त्यातला झोपेचा भाग बंद करावा. आता जरा सविस्तर सांगते.

वर्ष-दोन वर्षं स्मार्टवॉच वापरणाऱ्या कुणालाही विचारा की याचा नेमका काय उपयोग होतो. हृदयाचा आलेख, ताणाचा निर्देशांक वगैरे क्वचितच कुणाच्या तोंडून येतं. लोक सांगतात ते फार साधं असतं. फोन सायलेंटवर पर्सच्या तळाशी असला तरी फोन आलेला मनगटाला कळतो. हात ओले किंवा भरलेले असताना टायमर लावता येतो. फोन सोफ्याच्या कुठल्या फटीत गेलाय ते एक बटण दाबून सापडतं. पहाटेचा गजर मनगटावर थरथरतो, शेजारच्याची झोप मोडत नाही. गोळीची वेळ झाली की टिचकी मारल्यासारखं होतं. ज्यांना कमी ऐकू येतं त्यांच्यासाठी तर ही थरथर हीच खरी सोय आहे. यातल्या एकाही गोष्टीवर कंपन्या जाहिरातीचा खर्च करत नाहीत, कारण 'फोन सापडतो' या वाक्यावर महागडं घड्याळ विकलं जात नाही. पण माझ्या मते रोजच्या वापरात पैसे वसूल होतात ते इथेच. आरोग्याचं जे काही मिळतं ते वरकड समजायचं.

याच सोयीची दुसरी बाजूही आहे. घड्याळ जोडताना ॲप विचारतं, 'सर्व सूचना मनगटावर दाखवू का?' आणि आपण सवयीने 'हो' दाबतो. मग प्रत्येक ग्रुपवरचं प्रत्येक शुभ सकाळ मनगटावर थरथरायला लागतं. अमेरिकेतल्या फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाने २०१५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला होता: फोनची सूचना नुसती आली, माणसाने फोन उघडलाही नाही, तरी हातातल्या एकाग्रतेच्या कामात त्याच्या चुका वाढल्या. मनगट तर फोनपेक्षाही जवळचं. म्हणून पहिल्याच दिवशी सगळ्या सूचना बंद करायच्या आणि मग हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्याच चालू करायच्या: फोन, घरच्यांचे मेसेज, कॅलेंडर. लोक घड्याळाला वैतागतात ते बहुतेक वेळा हे न केल्यामुळे. मुलगी म्हणते त्या ड्रॉवरची वाटही बहुधा इथूनच सुरू होते.

आता आरोग्याकडे वळू, कारण मिस्टरांचा सगळा भर त्यावर दिसतोय.

त्यांनी घड्याळ चार्जिंगला लावायला काढलं की ते उलटं करून बघा. पाठीला काचेखाली बारीक हिरवे दिवे असतात, काढल्या काढल्या बघितलंत तर कधी कधी ते लुकलुकताना दिसतात. रक्त हिरवा प्रकाश भरपूर शोषून घेतं. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला त्वचेखालच्या बारीक रक्तवाहिन्यांत रक्त क्षणभर वाढतं आणि परत येणारा प्रकाश तेवढाच कमी होतो. शेजारचा सेन्सर ही चढउतार मोजतो आणि त्यावरून नाडी काढतो. कल्पना सुरेख आहे आणि माणूस शांत बसलेला असताना ती छान चालते. पण पट्टा सैल असेल, हात गार पडले असतील, सेन्सरच्या खाली गडद गोंदण असेल किंवा हात जोरजोरात हलत असतील तर गडबड होते. धावताना तर कधी कधी घड्याळ पावलांचाच ठेका नाडी म्हणून दाखवतं. पट्टा मनगटाच्या हाडावर नको. हाडाच्या मागे, कोपराच्या दिशेला बोटभर अंतर सोडून बांधायचा आणि व्यायामाच्या वेळी एक घर आवळायचा. एवढ्याने निम्म्या तक्रारी मिटतात.

या नाडीचा रोजच्या जगण्यातला उपयोग म्हणजे विश्रांतीच्या वेळची नाडी, तीही एका दिवसाची नव्हे, काही आठवड्यांची. रोज चालायला लागलात की ती हळूहळू खाली येते. ताप येणार असेल, झोपा होत नसतील, फार दगदग झाली असेल तर ती वर जाते. हा कल बघण्यासारखा असतो. आज ७१ आणि काल ६८ का, यावर मात्र डोकं शिणवू नका.

कॅलरीचा आकडा तर सरळ सोडून द्या. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ साली मनगटावरची सात उपकरणं साठ स्वयंसेवकांवर तपासली. नाडीच्या बाबतीत सातपैकी सहा उपकरणांची चूक ५ टक्क्यांच्या आत होती, म्हणजे उत्तमच. पण खर्च झालेल्या ऊर्जेच्या बाबतीत सगळ्यात चांगलं उपकरणही सरासरी २७ टक्के चुकत होतं आणि सगळ्यात वाईट ९३ टक्के. घड्याळ म्हणतंय ४०० कॅलरी जळल्या म्हणून कुणी त्या हिशेबाने जास्तीचं जेवत असेल, तर वजन वाढल्याचं खापर घड्याळावर फोडण्यात अर्थ नाही. वजनावरून आठवलं. पिट्सबर्ग विद्यापीठाने दोन वर्षं चालवलेल्या एका चाचणीचे निष्कर्ष २०१६ मध्ये आले. त्यात सगळ्यांना आहार-व्यायामाचा सल्ला होताच, अर्ध्या लोकांना पुढे दंडावर बांधायचं हालचाल मोजणारं उपकरणही दिलं होतं. शेवटी उपकरणवाल्यांचं वजन सरासरी साडेतीन किलोने उतरलं आणि उपकरण नसलेल्यांचं ५.९ किलोने. कारणावर तज्ज्ञांचा वाद चालू राहील, पण 'घड्याळ बांधलं की वजन उतरतं' असं कुणी सांगितलं तर हे दोन आकडे सांगायला हरकत नाही.

रात्रीच्या येरझाऱ्यांचं मूळ कुठल्या डॉक्टरच्या संशोधनात नाही. जपानमधल्या यामासा या कंपनीने १९६५ साली पावलं मोजणारं एक यंत्र बाजारात आणलं आणि त्याच्या नावातच दहा हजार पावलं घातली. गोल आकडा, लक्षात राहतो, तिथून तो जगभर गेला. पुढे २०१९ मध्ये सरासरी ७२ वर्षं वयाच्या जवळपास १७ हजार अमेरिकी स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिवसाला साधारण २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच कमी दिसलं आणि फायदा ७,५०० च्या आसपास थांबल्यासारखा झाला. अर्थात जास्त चालणारी माणसं मुळातच जास्त ठणठणीत असू शकतात, एवढी शंका अशा अभ्यासात राहतेच. तरी मिस्टरांना सांगा की रात्री अकराला ९,६०० वर थांबलात तर आभाळ कोसळत नाही. तुमच्या बैठ्या कामासाठी मात्र पावलांची मोजणी कामाची आहे, कारण आपण दिवसभरात किती कमी हलतो हे आपल्याला खरंच माहीत नसतं. पहिले काही दिवस काहीही न बदलता नुसतं मोजा. जो आकडा येईल त्यात हजार-दीड हजार वाढवा. तेच तुमचं लक्ष्य. जागतिक आरोग्य संघटनाही पावलांचा आकडा सांगत नाही, ती मोठ्या माणसांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं दम लागेल-न लागेल अशा वेगाची हालचाल करायला सांगते.

आता झोप. इथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण तुमच्या पत्रातली खरी तक्रार मला घड्याळाची वाटत नाही, या सकाळच्या आकड्याची वाटते.

झोपेचे टप्पे खऱ्या अर्थाने मोजायचे तर स्लीप लॅबमध्ये डोक्याला तारा लावून मेंदूच्या लहरी, डोळ्यांची हालचाल आणि हनुवटीच्या स्नायूंचा ताण नोंदवतात. मनगटाकडे यातलं काहीच नसतं. त्याच्याकडे असते हाताची हालचाल आणि नाडी. त्यावरून ते अंदाज बांधतं. एकूण किती तास झोपलात हा अंदाज बऱ्यापैकी येतो. पण माणूस डोळे सताड उघडे ठेवून छताकडे बघत निश्चल पडला असेल तर घड्याळ त्याला खुशाल झोपलेला धरतं. 'गाढ झोप ४७ मिनिटं' हे तर अंदाजावरचा अंदाज आहे. आणि शेवटी येणारे ते शंभरपैकी ७२ गुण? ते कसे काढायचे हे ज्याची त्याची कंपनी ठरवते. एकाच रात्री एका हातात एका कंपनीचं आणि दुसऱ्या हातात दुसरीचं घड्याळ बांधून झोपलात तर सकाळी दोन वेगळ्या निकालपत्रिका मिळतील.

हा आकडा चुकीचा असला तरी त्याचा परिणाम खरा होतो. कोलोरॅडो कॉलेजमधल्या संशोधकांनी २०१४ मध्ये एक गमतीदार प्रयोग प्रसिद्ध केला. काही लोकांना उपकरणं लावल्याचं नाटक करून सांगितलं, 'तुमची काल रात्रीची झोप सरासरीपेक्षा चांगली झाली,' आणि काहींना सांगितलं, 'सरासरीपेक्षा खराब झाली.' दोन्ही निव्वळ थापा. त्यानंतर बौद्धिक चाचण्या घेतल्या तर 'चांगली झोप' झालेल्यांनी चांगली कामगिरी केली, 'खराब झोप' झालेल्यांची घसरली, प्रत्यक्षात झोप कशीही झालेली असो. मिस्टरांची चिडचिड कुठून येत असेल हे यावरून तुमच्या लक्षात येईल. उठल्यावर कदाचित ते बरेच असतात, मनगट बघितल्यावर थकतात.

हे त्यांच्या एकट्याचं नाही. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या काही निद्रातज्ज्ञांनी अशा रुग्णांचं वर्णन केलं आणि त्या अवस्थेला ऑर्थोसोम्निया म्हटलं. परिपूर्ण झोपेचा आकडा मिळवण्याच्या काळजीनेच या लोकांची झोप उडालेली होती. आकडा सुधारावा म्हणून ही माणसं जास्त वेळ अंथरुणात पडून राहायची, आणि निद्रानाशात नेमकं हेच करायचं नसतं. लॅबमधल्या तपासणीत गाढ झोप दिसली तरी काहींचा विश्वास आपल्या उपकरणावरच. मिस्टरांशी वाद घालू नका. त्यांना फक्त एवढं सुचवा: महिनाभर रात्री घड्याळ काढून ठेवायचं, आणि सकाळी स्वतःच दहापैकी गुण द्यायचे. हवं तर कॅलेंडरवर लिहा. एक अपवाद मात्र लक्षात ठेवा. ते मोठ्याने घोरत असतील, झोपेत मध्येच श्वास अडकल्यासारखा वाटत असेल, दिवसा बसल्या जागी डुलक्या लागत असतील तर घड्याळात काय दिसतंय याची वाट न बघता डॉक्टरकडे जा. ते लक्षण शेजारी झोपणाऱ्याला घड्याळाआधी कळतं.

हृदयाच्या ठोक्यांची लय ही एक गोष्ट मी गंभीरपणे घेते. एट्रियल फिब्रिलेशन नावाचा विकार असतो. त्यात हृदयाचे वरचे कप्पे अनियमित थरथरतात, रक्ताची गुठळी होऊ शकते आणि पक्षाघाताचा धोका साधारण पाचपट होतो. तो येतो-जातो, पुष्कळदा काही जाणवतही नाही, म्हणून दवाखान्यात काढलेल्या थोड्या वेळाच्या ईसीजीत सापडेलच असं नाही. सतत हातावर असलेलं घड्याळ इथे उपयोगी पडू शकतं. ॲपलच्या घड्याळावर चार लाखांहून जास्त लोकांचा एक अभ्यास झाला, तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात अनियमित नाडीची सूचना आली ती जेमतेम अर्ध्या टक्का लोकांना. त्यांच्यापैकी ज्यांनी नंतर छातीवर ईसीजीची पट्टी लावून ती परत पाठवली, त्यांतल्या ३४ टक्के लोकांमध्ये हा विकार दिसला. उरलेल्यांत तो नव्हताच असंही नाही, कारण पट्टी लावेपर्यंत तो येऊन गेलेला असू शकतो. याचा व्यवहारातला अर्थ असा: अशी सूचना वारंवार आली तर घाबरू नका, दुर्लक्षही करू नका, डॉक्टरला दाखवा. सूचना आली नाही म्हणजे सगळं ठीक, असंही समजू नका.

आणि हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा: घड्याळावरचा ईसीजी हार्ट अटॅक ओळखत नाही. छातीत दुखतंय, जबडा किंवा डावा हात दुखतोय, घाम फुटलाय, अशा वेळी मनगटावर बोट ठेवून आलेख काढत बसायचं नाही. सरळ हॉस्पिटल गाठायचं.

साखर आणि बीपी यांचं थोडक्यात सांगते. सुई न टोचता रक्तातली साखर सांगतो असा दावा करणारं घड्याळ कुणी दाखवलं तर विकत घेऊ नका, भेट म्हणूनही घेऊ नका. अमेरिकेत औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना मान्यता देणाऱ्या एफडीए या सरकारी संस्थेने फेब्रुवारी २०२४ मध्ये स्पष्ट इशारा दिला की अशा एकाही घड्याळाला किंवा अंगठीला त्यांनी मान्यता दिलेली नाही. दंडाला चिकटवलेल्या वेगळ्या सेन्सरचा आकडा घड्याळाच्या पडद्यावर दिसणं निराळं, ते चालतं. पण नुसत्या प्रकाशावर साखर सांगणाऱ्याच्या भरवशावर कुणी इन्सुलिनची मात्रा ठरवली तर जीवावर बेतेल. बीपीचंही तसंच. सॅमसंगच्या घड्याळात बीपीची सोय आहे, पण दर चार आठवड्यांनी दंडाला पट्टा बांधायच्या नेहमीच्या यंत्राशी ते जुळवून घ्यावं लागतं. मग ते यंत्र घरात हवंच ना? बाबांसाठी आधी ते घ्या. ऑक्सिजनचा आकडा तर फक्त कुतूहल म्हणून बघा. अमेरिकेतल्या हॉस्पिटलांत वापरल्या जाणाऱ्या बोटाच्या ऑक्सिमीटरांचाही २०२० मध्ये अभ्यास झाला, तेव्हा ऑक्सिजन कमी असूनही यंत्राने तो ठीक दाखवल्याचं प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांमध्ये गोऱ्यांच्या जवळपास तिप्पट आढळलं. बोटावरच्या यंत्राची ही कथा, मनगटावरच्याकडून किती अपेक्षा ठेवायची?

आता बाबांकडे येते. एकटं राहणाऱ्या ७६ वर्षांच्या माणसासाठी घड्याळाचं एकच वैशिष्ट्य खरं महत्त्वाचं आहे, ते म्हणजे पडल्याची सूचना. म्हातारपणी पडण्यात हाड मोडण्याइतकीच वाईट गोष्ट म्हणजे उठता न येता तासन्‌तास जमिनीवर पडून राहणं. ॲपलच्या घड्याळात २०१८ पासून ही सोय आहे, इतर काही कंपन्यांनीही दिली आहे. जोरात पडल्याचं घड्याळाला वाटलं की ते मनगटावर थरथरतं आणि पडद्यावर विचारतं, मदत हवी का, की मी ठीक आहे? माणूस साधारण मिनिटभर हललाच नाही तर ते मोठा आवाज करत उलटी मोजणी सुरू करतं आणि आपणहून आपत्कालीन नंबर लावतं, मग ठरवून दिलेल्या घरच्यांना ठिकाणासकट निरोप पाठवतं.

ऐकायला झकास. पण बारकावे बघा. भिंतीला धरत धरत माणूस हळूहळू खाली सरकला तर तो धक्का घड्याळाच्या लेखी पडणं नसतं. हे सगळं होण्यासाठी फोन जवळपास हवा किंवा घड्याळात स्वतःचं सिमकार्ड चालायला हवं. ॲपलच्या घड्याळात वय ५५ किंवा जास्त भरलं असेल तर ही सोय आपोआप चालू होते. नसेल तर, किंवा दुसऱ्या कंपनीचं घड्याळ असेल तर, ती बहुतेक वेळा सेटिंगमध्ये जाऊन चालू करावी लागते आणि पुष्कळ जण ती कधी करतच नाहीत. सगळ्यात मोठी अडचण म्हणजे चार्जिंग. घड्याळाची बॅटरी दिवसभर पुरणारी असेल तर ते रोज काढावं लागणार. माणूस ते कधी काढतो? आंघोळीला जाताना. आणि तुमचे बाबा पडले कुठे होते? बाथरूममध्ये. म्हणजे ज्या अर्ध्या तासासाठी आपण एवढा खर्च करणार, त्या अर्ध्या तासात घड्याळ टेबलावर चार्ज होत असणार.

म्हणून माझ्या अटी सांगते. आठवडाभर बॅटरी टिकणारी, पडल्याची सूचना आणि आपत्कालीन बटण दोन्ही असलेली वस्तू शोधा. नाइलाजाने रोज चार्जिंगवालंच घ्यावं लागलं तर चार्जिंगची वेळ ठरवून द्या: बाबा खुर्चीत बसून टीव्ही बघतात ती. पाण्यात चालणारं असलं तरी त्यावर लिहिलेलं '५ एटीएम' किंवा '५० मीटर' हे पाण्याचा किती दाब सोसेल याचं माप आहे, त्याचा अर्थ गरम पाण्याच्या वाफेत आणि साबणात ते वर्षानुवर्षं टिकेल असा नाही. पाणी अडवणारी आतली सील कालांतराने सैल पडतात. पण बाबांच्या बाबतीत मी घड्याळाच्या आयुष्याची पर्वा करणार नाही, आंघोळीतही हातात राहू द्या. बाबांना पेसमेकर असेल तर खरेदीआधी डॉक्टरला विचारा. चुंबक असलेली अशी उपकरणं पेसमेकरपासून निदान १५ सेंटिमीटर लांब ठेवावीत असं एफडीए सांगतं, आणि अंगातून बारीक विद्युतप्रवाह सोडून चरबी मोजण्याची जी सोय काही घड्याळांत असते ती पेसमेकर असलेल्यांनी वापरू नये असं कंपन्याच लिहितात. घड्याळ दिल्यावर बाबांसमोर बसून ते आपत्कालीन बटण त्यांच्याकडून दाबून घ्या. चष्मा न लावता, ओल्या बोटांनी. जमलं नाही तर ते बाबांच्या कामाचं नाही. मग गळ्यात अडकवायचं मोठ्या बटणाचं साधं उपकरण बघा. आणि काहीही घेतलंत तरी बाथरूममध्ये धरायला दांडी आणि खाली घसरणार नाही अशी चटई आधी बसवा. घड्याळ पडल्यानंतर कामाला येतं, दांडी पडू देत नाही.

बाबांशी बोलताना 'तुमच्यावर लक्ष ठेवायला' हे शब्द चुकूनही वापरू नका. त्यांच्या नाडीचे आणि पावलांचे आकडे तुमच्या फोनवर येणार असतील तर ते त्यांना आधी सांगा आणि त्यांना नको असेल तर बंद ठेवा. शहात्तरीतल्या माणसालाही आपण आज घराबाहेर का पडलो नाही हे कुणाला न सांगण्याचा हक्क असतो.

खासगीपणाचा विषय निघालाच आहे तर हेही सांगते. जानेवारी २०१८ मध्ये स्ट्राव्हा या व्यायामाच्या ॲपने प्रसिद्ध केलेल्या नकाशावरून लष्करी तळांच्या जागा दिसत असल्याचं उघड झालं, कारण तिथले जवान धावताना घड्याळ चालू ठेवत होते. आपल्याकडे लपवण्यासारखा तळ नाही, पण आपण रोज किती वाजता घराबाहेर असतो हे त्यातून कुणालाही कळू शकतं. ॲपमध्ये 'सार्वजनिक' असं जिथे दिसेल तिथे 'फक्त मी' करा. आणि कंपनी टिकाऊ आहे का बघा. पेबल नावाच्या घड्याळासाठी २०१२ मध्ये लोकवर्गणी जमली, ते फार लाडकं झालं, आणि २०१६ च्या शेवटी कंपनी बंद पडली. पुढे तिची ऑनलाइन सेवाही थांबली आणि लोकांची चालू स्थितीतली घड्याळं अर्धवट झाली. जुन्या वापरकर्त्यांनीच पदरमोड करून ती सावरली, पण तो हौशी लोकांचा खटाटोप झाला. आपण साध्या वापरकर्त्यांनी कुणीही ऐकलं नसेल अशा नावाचं, शंभर सोयी असलेलं स्वस्त घड्याळ टाळलेलं बरं. शंभर सोयी म्हटलं की त्यातल्या नव्वद नुसत्या नावाला असतात.

तुमच्या स्वतःसाठी साधा फिटनेस बँडही पुरेल. पावलं, नाडी, गजर, टायमर, फोनची थरथर, आणि चार्जिंग आठवड्या-दोन आठवड्यांनी एकदा. मोठ्या पडद्याचं घड्याळ घ्यायचं कारण एकच, मनगटावरून बोलता यावं किंवा नकाशा बघता यावा. ती गरज तुमच्या पत्रात मला दिसली नाही. पट्टा रोज धुऊन कोरडा करत जा. खाज किंवा पुरळ आलं तर दोन दिवस काढून ठेवा, हट्टाने बांधून ठेवू नका.

खरेदी करायच्या आधी एक फुकटचा उपाय करून बघा. मिस्टरांकडून त्यांचं घड्याळ पंधरा दिवसांसाठी मागून घ्या. त्यांची नोंद आधी त्यांच्या खात्यात चढवून घ्यायला सांगा, मग घड्याळ रीसेट करून तुमच्या फोनला जोडा. तुमचा आणि त्यांचा फोन एकाच जातीचा नसेल तर ते जोडलं जाईलच असं नाही, तेवढं आधी तपासा. पंधरा दिवसांनी परत केल्यावर पर्समधला फोन वाजलेला पुन्हा कळेनासा झाला आणि त्याचा तुम्हाला त्रास व्हायला लागला, तर बँड घेऊन टाका. काहीच फरक जाणवला नाही तर मुलगी बरोबर होती. आणि त्या पंधरा दिवसांत मिस्टरांना सकाळी झोपेचे गुण मिळणार नाहीत, त्यांच्यासाठी सांगितलेला प्रयोग आपसूक सुरू होईल.